दोन दाढा काढल्या तरी कळ थांबत नाही: तिसरी दाढ काढण्यापूर्वी

बीड जिल्ह्यातून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचे वय ६१ वर्षे. दीड वर्षापूर्वी डाव्या बाजूच्या वरच्या दाढेत असह्य कळा येऊ लागल्या. आधी त्या दाढेचे रूट कॅनाल झाले, तरी कळा राहिल्या म्हणून ती दाढ काढली. त्यानंतर अडीच महिने बरे गेले. मग तीच कळ पुन्हा सुरू झाली, म्हणून तिच्या पुढची छोटी दाढ काढली. आता पुन्हा कळ येते आणि तिसरी दाढ काढण्याचा सल्ला मिळाला आहे. एक्स-रेमध्ये त्या दाढेत काही दिसत नाही. कळ जेवताना, बोलताना, तोंड धुताना येते, काही सेकंद टिकते आणि जाते. रात्री मात्र आईला झोप लागते. दाढ काढावी की नाही?

माझे उत्तर आधी देतो आणि कारणे नंतर. ही तिसरी दाढ आत्ता काढू नये. दाढ काढणे हा परत न फिरवता येणारा उपचार आहे, आणि दुखणे त्याच दाढेतून येते हे दाखवणारा एकही पुरावा आपल्या वर्णनात मला दिसत नाही. उलट, आपण जे लिहिले आहे त्यातल्या तीन-चार गोष्टी एका वेगळ्याच आजाराकडे बोट दाखवतात. तो आजार दाताचा नसून चेहऱ्याच्या चेतेचा, म्हणजे संवेदना नेणाऱ्या नसेचा आहे आणि त्याला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात. रुग्णाला न तपासता निदान करणे योग्य नाही, आणि तसे मी करत नाही. पण कोणती शंका घेऊन कोणाकडे जावे, एवढे सांगण्याइतके आपले वर्णन स्पष्ट आहे.

चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी पाचवी चेता दोन्ही बाजूंना तीन शाखांत विभागते. पहिली कपाळ आणि डोळ्याची, दुसरी गाल, नाकाची कड आणि वरच्या दातांची, तिसरी खालच्या जबड्याची आणि खालच्या दातांची. दाताच्या आतला मगज, हिरडी, गालाची त्वचा, सायनसचे अस्तर या सगळ्यांचे निरोप शेवटी एकाच वाटेने वर जातात. त्यामुळे वाटेत कुठेही बिघाड झाला तरी रुग्णाला 'दाढ दुखते' असेच जाणवू शकते. रुग्ण खोटे बोलत नसतो आणि त्याला भासही होत नसतो. दाढेतच दुखते हे त्याच्यापुरते शंभर टक्के खरे असते.

ट्रायजेमिनल न्यूराल्जियात बहुतेक वेळा मेंदूच्या तळाशी, ही चेता मेंदूच्या देठातून बाहेर पडते त्या ठिकाणी, एखादी रक्तवाहिनी तिच्यावर टेकलेली असते. वाहिनीच्या सततच्या ठोक्यांनी चेतेवरचे आवरण झिजते. आवरण गेलेल्या तारांमध्ये शॉर्ट सर्किट व्हावे तसे काहीसे तिथे होते, आणि साध्या स्पर्शाचा निरोप भयंकर वेदनेचा निरोप होऊन वर पोचतो. म्हणून यात कळ आपोआप येण्यापेक्षा हलक्या स्पर्शाने जास्त येते: वाऱ्याची झुळूक, घास, ब्रश, गालावरून फिरलेला पदर. कळ विजेच्या झटक्यासारखी असते, सेकंदाच्या काही भागापासून दोन मिनिटांपर्यंत टिकते, आणि जवळजवळ नेहमी चेहऱ्याच्या एकाच बाजूला येते. पन्नाशीनंतर आणि स्त्रियांमध्ये हा आजार अधिक दिसतो. लंडनचे वैद्य जॉन फॉदरगिल यांनी १७७३ मध्ये याचे तपशीलवार वर्णन केले. अभिनेते सलमान खान यांनी स्वतःच्या या आजाराबद्दल जाहीरपणे सांगितल्यापासून आपल्याकडचे रुग्णही त्याचे नाव ऐकून येतात. पण नाव माहीत असलेले रुग्णसुद्धा पहिल्यांदा दातांच्या डॉक्टरांकडेच येतात, कारण दुखते दाढेत.

आता त्या अडीच महिन्यांबद्दल, कारण सगळी दिशाभूल तिथे झाली असावी असे मला वाटते. हा आजार लहरीने चालतो. काही आठवडे किंवा महिने कळा येतात, मग काहीही न करता त्या थांबतात, आणि पुन्हा येतात. अशा कळा ऐन भरात असताना रुग्ण दाढ काढायला तयार होतो, आणि त्यानंतर लवकरच कळा आपोआप थांबण्याची वेळ आलेली असते. दाढ काढली आणि दुखणे थांबले, असा हिशेब रुग्णही मांडतो आणि डॉक्टरही. मग पुन्हा कळ आली की 'आता शेजारची बिघडली' एवढाच अर्थ उरतो. ज्या डॉक्टरांनी आपल्या आईची दाढ काढली त्यांच्यावर मी यासाठी ठपका ठेवणार नाही. माझ्या व्यवसायाच्या तिसऱ्या वर्षी एका शिक्षकांची खालची निरोगी दाढ मी अशीच काढली. त्यांनी हात जोडून विनंती केली होती, दाढेवर जुनी चांदी भरलेली होती, आणि मला तेवढे कारण पुरले. चार महिन्यांनी ते त्याच कळेसह परत आले. ती दाढ मी त्यांना परत देऊ शकलो नाही, आणि त्या दिवसापासून कारण सिद्ध झाल्याशिवाय दाताला हात लावायचा नाही हा नियम मी पाळत आलो आहे.

त्यानंतर कित्येक वर्षांनी आलेल्या एका बाईंचे उदाहरण सविस्तर देतो, कारण आपल्या आईकडे पाहताना काय पाहायचे ते त्यातून कळेल. त्यांचे वय पन्नाशीच्या पुढे होते. कुठे दुखते असे विचारल्यावर त्यांनी हात गालाकडे नेला आणि तो गालापासून बोटभर अंतरावर थांबवला. दाढ ठणकत असेल तर माणूस गाल दाबून धरतो, हाताची ऊब देतो, लवंगेचे तेल लावतो. या बाई गालाला हात लागू देत नव्हत्या. तोंडात पाहिले तर उजवीकडचे सगळे दात स्वच्छ होते आणि डावीकडच्या वरच्या दातांवर पिवळट कीटण जाड साचलेले होते, जणू दोन वेगळ्या माणसांची तोंडे. विचारल्यावर त्या म्हणाल्या की डाव्या बाजूला ब्रश लावण्याची हिंमत होत नाही, सहा महिने त्या बाजूने त्या चावतही नव्हत्या. मग त्यांच्या मुलीने सांगितले की आईने लग्नकार्यात नथ घालणेही सोडले आहे. नथ डाव्या नाकपुडीत घालतात, आणि नाकाच्या कडेचा तो भाग या आजारात कळ सुरू करणाऱ्या जागांपैकी अगदी नेहमीचा आहे. दाताचा एक्स-रे काढण्याआधीच माझे निम्मे निदान झाले होते. पुरुषांमध्ये हेच लक्षण एका बाजूची न केलेली दाढी म्हणून दिसते.

याच वेळी एका गोष्टीपासून सावध राहावे लागते. 'भूल देऊन पाहू, कळ थांबली तर दोष दाढेचा' असे पुष्कळ वेळा म्हटले जाते. दाताच्या दुखण्यात ही तपासणी उपयोगी आहे, पण न्यूराल्जियात कळ सुरू करणारी जागाच बधिर झाली तर कळ थांबणारच, मग दोष चेतेच्या मुळाशी असला तरी. म्हणजे भूल दिल्यावर कळ थांबणे हा दाढेविरुद्धचा पुरावा होत नाही. भूल पूर्ण चढूनही कळ आली तर मात्र ती दाढ निर्दोष आहे असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते.

तरीही दाताची तपासणी पूर्ण झाल्याशिवाय न्यूराल्जियाचा शिक्का मारू नये. ही चूकही मी पाहिली आहे. दाढेचा मगज जिवंत आहे का हे पाहण्यासाठी बर्फाचा तुकडा किंवा थंड फवारा मारलेला कापूस दाताला लावतात. आधी समोरच्या बाजूच्या त्याच दाताला, मग संशयित दाताला. निरोगी दातात गारवा क्षणभर झोंबतो आणि जातो. सुजलेल्या मगजात कळ उठून कितीतरी वेळ रेंगाळते. मेलेल्या मगजात काहीच जाणवत नाही. सुजलेल्या मगजाची कळ रात्री झोपेतून उठवते, गरम चहाने वाढते. न्यूराल्जियाचा रुग्ण, आपल्या आईसारखा, बहुधा रात्री झोपू शकतो. दातावर आरशाच्या दांड्याने हलकेच ठोकून पाहणे, हिरडीची खोली मोजणे, दोन वेगवेगळ्या कोनांतून एक्स-रे घेणे, ही सगळी कामे पंधरा-वीस मिनिटांची आहेत आणि ती टाळण्याचे कोणतेही कारण नाही.

एक्स-रेत न दिसणारा, कळ मात्र सेकंदाचीच देणारा दाताचा एक आजार आहे, आणि न्यूराल्जियाशी गल्लत होते ती मुख्यतः त्याच्याशी. तो म्हणजे चिरलेली दाढ. सुपारी फोडण्याची सवय, भाकरीत आलेला खडा, कडक चिक्की, झोपेत दात खाणे, यांनी दाढेला केसाएवढी चीर जाते. ही चीर बहुधा पुढून मागे जाते, म्हणजे एक्स-रेच्या फिल्मला समांतर असते, म्हणून चित्रात उमटत नाही. यात कळ चावताना येते, आणि पुष्कळ रुग्णांत दात मिटताना येण्यापेक्षा घास सोडताना, दात उघडताना येते. दाढेच्या एकेका टोकावर प्लॅस्टिकची छोटी पाचर ठेवून चावायला लावले की नेमके एकच टोक ओरडते. बाजूने तेजस्वी प्रकाश टाकला तर तो चिरेपाशी अडतो. अशा दाढेला वेळेत टोपी बसवली तर ती वाचू शकते. आपल्या आईच्या बाबतीत तोंड धुताना आणि बोलतानाही कळ येते, हे चिरेशी जुळत नाही. चीर बोलण्याने दुखत नाही.

वरच्या जबड्यात सायनसचाही विचार करावा लागतो. वरच्या मोठ्या दाढांची मुळे सायनसच्या तळाला लागून असतात. सायनस सुजला की एक नव्हे, ओळीने तीन-चार दाढा ठणकतात, खाली वाकल्यावर जड होतात, आणि सर्दीचा इतिहास असतो. जबड्याच्या स्नायूंचे दुखणेही दाढेत उतरते. ते बोथट, सतत आणि सकाळी जास्त असते. दाढ काढल्यानंतर रिकाम्या जागीच महिनोन् महिने राहणारी सततची आगही एक वेगळा चेतांचा विकार आहे. त्यात आणखी दाढा काढल्याने दुखणे वाढतेच. त्यावर कमी मात्रेतील अमिट्रिप्टिलिनसारखी औषधे देतात.

दोन दुखणी अशी आहेत की त्यांत थांबता येत नाही. पहिले हृदयाचे. जिना चढताना किंवा भरभर चालताना जबड्यात, विशेषतः खालच्या जबड्यात, दाब जाणवतो आणि थांबले की तो जातो, असे कोणी सांगितले तर दातांची खुर्ची सोडून आधी ईसीजी. छातीत काहीही न दुखता केवळ जबड्यात जाणवणारे हृदयाचे दुखणे हे पुस्तकी कुतूहल नाही.

दुसरे म्हणजे म्युकरमायकोसिस. २०२१ च्या उन्हाळ्यात, कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर, महाराष्ट्रातल्या दंतवैद्यांनी या बुरशीचे जेवढे रुग्ण पाहिले तेवढे आधीच्या आयुष्यात पाहिले नव्हते. त्या मे महिन्यात हा आजार नोंदवणे बंधनकारक करावे असे केंद्राला राज्यांना सांगावे लागले. त्यातले कित्येक जण दातांच्या तक्रारीनेच आले. वरचे दात एका बाजूने ओळीने हलू लागले, हिरडीवर दोन-तीन ठिकाणी पुवाचे ठिपके, गालाला बधिरपणा, आणि साखर चारशेच्या घरात. हिरडीचा जुना आजार नसताना एकाच बाजूचे तीन-चार दात आठवड्याभरात हलू लागणे यासारखी धोक्याची सूचना माझ्या व्यवसायात दुसरी नाही. तिथे दात काढून जखम भरण्याची वाट पाहणे म्हणजे दिवस घालवणे होते. हिरडीतला किंवा नाकातला तुकडा त्याच दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, रुंद आणि जवळजवळ काटकोनात फुटलेले बुरशीचे धागे दिसले की अँफोटेरिसिन हे बुरशीविरोधी औषध सुरू करायचे आणि मेलेले हाड शस्त्रक्रियेने काढायचे, असे ते काम होते. आपण आईच्या मधुमेहाबद्दल काही लिहिलेले नाही. मधुमेह असेल, आणि काढलेल्या दाढांच्या जागी जखम भरली नसेल, हाड उघडे दिसत असेल किंवा गाल बधिर असेल, तर माझे हे सगळे उत्तर बाजूला ठेवून उद्याच मोठ्या रुग्णालयात जावे.

बधिरपणाबद्दल आणखी एक वाक्य, कारण ते महत्त्वाचे आहे. नेहमीच्या ट्रायजेमिनल न्यूराल्जियात दोन कळांच्या मध्ये चेहऱ्याची संवेदना साधारणपणे शाबूत असते. कापसाच्या धाग्याने दोन्ही गाल, दोन्ही ओठ, हनुवटी तपासून पाहावी. एक बाजू बोथट लागली, किंवा रुग्ण चाळिशीच्या आतला असला, किंवा कळा दोन्ही बाजूंना येत असल्या, तर चेतेवर गाठ किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंचे आवरण नष्ट होण्याचा आजार) यांचा शोध घ्यावाच लागतो. हनुवटीचा बधिरपणा काही वेळा शरीरात दुसरीकडे असलेल्या कर्करोगाची पहिली खूण असतो.

याच्या उलट चूकही होते, आणि तीत दोष खरोखर दाताचा असूनही उपचार दुसरीकडेच चालतात. हनुवटीवर किंवा जबड्याच्या कडेला एकच पुटकुळी येते, फुटते, खपली धरते, पुन्हा येते. मलमे, प्रतिजैविके, कधी कधी शस्त्रक्रियाही होते आणि ती परत येते. अशा एका तरुणाच्या हनुवटीवरच्या छिद्रात मी रूट कॅनालमध्ये भरतात ती गटापर्चाची बारीक काडी हलकेच सरकवली आणि एक्स-रे घेतला. काडीचे टोक सरळ खालच्या पुढच्या दाताच्या मुळाशी जाऊन थांबले होते. तो दात लहानपणी सायकलवरून पडताना मार लागून मेलेला होता आणि कधीच दुखला नव्हता. रूट कॅनाल केले, त्वचेला काहीही लावले नाही, आणि महिन्याभरात छिद्र मिटून एक लहानसा खळगा उरला.

आता आपल्या आईसाठी पुढे काय. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय दंत महाविद्यालय आपल्याला जवळ पडेल. तिथे मुखवैद्यकशास्त्र आणि क्ष-किरण असा स्वतंत्र विभाग असतो. दाढ काढणाऱ्या विभागात न जाता आधी त्या विभागात जावे. दातांची वर सांगितलेली तपासणी तिथे होईल आणि दात निर्दोष ठरले तर मेंदूविकार तज्ज्ञांकडे पाठवतील. मेंदूचा एमआरआय बहुधा सांगितला जाईल. तो करताना या चेतेसाठी पातळ काप घ्यावे लागतात, म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर संशयित निदान लिहिलेले असावे. एमआरआयमध्ये वाहिनीचा दाब दिसला नाही म्हणून न्यूराल्जिया नाही असे होत नाही. त्याचे निदान मुख्यतः रुग्णाच्या सांगण्यावरून होते.

निदान पक्के झाले तर पहिले औषध कार्बामाझेपिन. १९६२ पासून ते या आजारासाठी वापरात आहे आणि आजही पहिल्या क्रमांकावर आहे. साधी वेदनाशामके या कळेवर जवळजवळ काहीच करत नाहीत, कार्बामाझेपिन मात्र बहुतेक रुग्णांना काही दिवसांतच आराम देते. ते १०० मिलिग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वाढवतात, आणि एकसष्टीच्या बाईंमध्ये वाढवण्याची घाई करू नये, कारण चक्कर, झोप आणि तोल जाणे यांनी त्या पडू शकतात. रक्तातले सोडियम कमी होऊ शकते. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर ते आवर्जून सांगावे. सुरू करण्याआधी रक्तपेशी, यकृत आणि सोडियमची तपासणी करून घ्यावी. एक दुर्मिळ पण गंभीर धोका त्वचेचा आहे. एचएलए-बी १५०२ हा जनुकप्रकार असलेल्या माणसांत या औषधाने त्वचा आणि तोंडाचे अस्तर सोलून निघण्याची प्रतिक्रिया होऊ शकते, आणि तो आशियाई लोकांत अधिक सापडतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ मध्ये आशियाई वंशाच्या रुग्णांत औषधापूर्वी या तपासणीची शिफारस केली. तपासणी शक्य नसेल तर निदान एवढे तरी घरात सर्वांना माहीत हवे: पहिल्या दोन-तीन महिन्यांत ताप, अंगावर पुरळ, तोंडात किंवा डोळ्यांत फोड आले तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी रुग्णालयात जायचे. अन्यथा औषध मनाने अचानक बंद करू नये.

औषध पुरेनासे झाले किंवा सोसेनासे झाले तर शस्त्रक्रियेचा मार्ग आहे. रक्तवाहिनी चेतेवर टेकते हे अमेरिकेतील शल्यचिकित्सक वॉल्टर डँडी यांनी १९३० च्या दशकात पाहिले होते, आणि पीटर जॅनेटा यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून सूक्ष्मदर्शकाखाली ती वाहिनी बाजूला करून मध्ये मऊ गादी ठेवण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. प्रकृती चांगली असेल तर सर्वात जास्त काळ टिकणारा आराम यातूनच मिळतो. ज्यांना मोठी शस्त्रक्रिया झेपणार नाही त्यांच्यासाठी गालातून सुई घालून चेतेच्या पेशींचा पुंजका उष्णतेने किंवा फुग्याच्या दाबाने अंशतः निकामी करण्याचे उपाय आणि गॅमा नाइफचे किरणोपचार आहेत. त्यांत गालाला थोडा बधिरपणा येऊ शकतो आणि काही वर्षांनी कळ परतू शकते.

जाण्याआधीचा एक आठवडा आपण स्वतः एक काम करावे. एका वहीत प्रत्येक कळेची वेळ, ती कशाने सुरू झाली, किती सेकंद टिकली, डोळ्यातून पाणी आले का, आणि आईने बोटाने कोणती जागा दाखवली, एवढे लिहून ठेवावे. आई ब्रश कोणत्या बाजूला लावत नाहीत हे बघावे. काढलेल्या दाढांचे जुने एक्स-रे आणि रूट कॅनालचे कागद सोबत न्यावेत. दाढा आता नाहीत, पण त्या खरोखर बिघडलेल्या होत्या का हे त्या जुन्या चित्रांवरून अजूनही सांगता येते, आणि तिसऱ्या दाढेचा निर्णय घेणाऱ्या डॉक्टरांना त्याचीच सर्वात जास्त गरज पडेल.